गंजलेली ई-टाइप आणि सिंहगड रोडचा फ्लॅट



मागच्या खेपेला बॉयलर आणि गॅसच्या बिलावर लिहिलं होतं, त्यावर दोघा-तिघांनी "हे घरगुती रडगाणं पुरे, आता जरा गाड्यांबद्दल लिही" असं कळवलं. गाड्या म्हटल्यावर मला फार आग्रह करावा लागत नाही हे जुन्या वाचकांना माहीत आहेच. तेव्हा आजचा प्रश्न असा: एखादी दुर्मिळ, नावाजलेली, पण पार गंजून गेलेली जुनी गाडी सापडली, तर ती पुन्हा उभी करण्यात पैसे घालावेत का?

घाईत वाचणाऱ्यांसाठी उत्तर आधीच देऊन टाकतो. पैशांच्या हिशेबाने बहुतेक वेळा नाही. आणि ज्या मोजक्या गाड्यांच्या बाबतीत आकडे जुळतात, त्यांना पुष्कळदा हात न लावणंच शहाणपणाचं असतं. दुसरं वाक्य जरा तिरकं वाटेल, त्यासाठीच पुढचं पुराण.

निमित्त झालं आमच्या एका मित्राचं. मूळचा कोल्हापूरचा, माझ्यासारखाच मेकॅनिकल करून आयटीत शिरलेला (आमच्या बॅचचे निम्मे असेच), गेली अकरा वर्षं इथे मिडलंड्समध्ये आहे. नाव देत नाही, आपण त्याला कोल्हापूरकरच म्हणू. त्याच्या वडिलांनी निवृत्तीनंतर पुण्यात सिंहगड रोडला घेतलेला फ्लॅट त्याने आणि बहिणीने मिळून मागच्या वर्षी विकला. बहिणीचा वाटा, कर वगैरे जाऊन याच्या हातात साधारण ८० हजार पौंड आले. वहिनींच्या मते ते थेट घराच्या कर्जात भरायचे. याच्या मते मात्र देवानेच ते एका विशिष्ट कामासाठी पाठवले होते. ते काम म्हणजे हेरफर्डशरमधल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात गेली चाळीसेक वर्षं उभी असलेली जग्वार ई-टाइप. १९६१ च्या शेवटची, कूपे, उजव्या स्टिअरिंगची. मालक मागत होता ४५ हजार.

"भावा, येऊन बघ तरी. नाद खुळा गाडी हाय," असा फोन आला. मी गेलो.

आता ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. ई-टाइप जगापुढे आली ती मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात. तिचा आकार आखला माल्कम सेयर याने. हा माणूस विमानांच्या कारखान्यातून आलेला, आणि तो गाडीचे वळसे नुसते डोळ्यांनी न काढता गणिताने मांडायचा. तेव्हा संगणक नव्हता, लॉगॅरिदमची कोष्टकं होती. न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९६ मध्ये एक ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली, यावरून काय ते समजा. ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ताशी दीडशे मैलांचा दावा, आणि त्या काळच्या फेरारी-अ‍ॅस्टन मार्टिनच्या मानाने किंमत बरीच कमी. कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात १९७४ पर्यंत सगळ्या प्रकारच्या मिळून ७२ हजारांवर ई-टाइप झाल्या.

मग ती दुर्मिळ कशी? तर सुरुवातीच्या गाड्यांमुळे. अगदी पहिल्या पाचेकशे गाड्यांत बॉनेटचं कुलूप बाहेरून, वेगळ्या किल्लीने उघडायचं. १९६२ च्या सुरुवातीपर्यंत पायाखालचा पत्रा सपाट होता. उंच माणसांचे गुडघे स्टिअरिंगला आपटतात म्हणून पुढे तिथे खोलगट भाग केला. म्हणजे ज्या गाडीत बसायला जास्त त्रास होतो तिला जास्त भाव! याला हौस म्हणतात. कोल्हापूरकराची गाडी सपाट पत्र्याची, बाहेरच्या कुलपाची मात्र नव्हे.

गोठ्यात शिरल्यावर पहिल्यांदा दिसली ती लांबलचक बॉनेट. धूळ, कोंबड्यांची शिट, एका बाजूला पोचा, तरी ओळखता येत होती. पहिली पाच मिनिटं मीही काही बोललो नाही. मग खिशातून लोहचुंबक आणि स्क्रूड्रायव्हर काढला.

या गाडीची बांधणी समजून घेतली की खर्च कुठे जातो ते कळतं. पुढे इंजिन धरायला पोलादी नळ्यांचा सांगाडा, आणि तो मागच्या पत्र्याच्या टबला बोल्टने जोडलेला. हा टब म्हणजे विमानाच्या धडासारखा, पातळ पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून केलेला. ट्रकसारखी वेगळी चासी नाही. दारांखालच्या लांब पोकळ पेट्या, ज्यांना इकडे सिल म्हणतात, त्याच गाडीचा कणा. त्या काळात गंजरोधक थर आतून देण्याची पद्धत जेमतेम होती. पाणी आत जाणार, बाहेर येणार नाही, आणि सगळा कारभार आतून सुरू होणार. बाहेरचा रंग टुकटुकीत आणि आत चाळण, अशा कितीतरी ई-टाइप सापडतात.

इथे तर बाहेरूनही लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. उजव्या सिलमध्ये स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. कोल्हापूरकर म्हणाला, "हळू." मी म्हटलं, "अरे, हळूच घातलाय." मागच्या चाकांना धरणाऱ्या दांड्या जिथे टबला जोडतात ती जागा भुसभुशीत. डिकीचा तळ नाहीच, म्हणजे खालचं गवत दिसत होतं. पुढच्या नळ्या दिसायला बऱ्या, पण त्याही आतून गंजतात. जोडांपाशी रंग फुगलेला होता. दारं उघडली तर परत लागेनात. गाडीचा कणा वाकायला लागला की आधी दारं बोलतात.

बरं, यातली पत्र्याची प्रत्येक गोष्ट आज नवी मिळते. ई-टाइपचं हेच सुख आहे की सिल, तळ, मागचे पंख, अख्खी बॉनेट, पुढचा सांगाडा, सगळं बनवणारे कारागीर इंग्लंडात आहेत. पत्र्याला पैसे लागतातच, पण जास्त लागतात ते तासांना. सिल कापायच्या आधी टबला आतून नळ्यांचे टेकू द्यावे लागतात, नाहीतर कापल्याबरोबर धड मधून बसतं आणि मग दारं जन्मात जुळत नाहीत. एक पत्रा बसवायचा, दार लावून फट बघायची, काढायचं, तासायचं, परत लावायचं. कारखान्यातसुद्धा हे साचे काही मारुतीसारखे नव्हते. सांधे शिशाने भरून हाताने घासून जुळवलेले असत. म्हणून एका गाडीचं दार दुसरीला जसंच्या तसं बसत नाही. मागचे ब्रेक चाकात नसून आत डिफरन्शियलला लागून आहेत. ते नीट करायचे म्हणजे मागचं अख्खं सस्पेन्शन खाली उतरवा. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. चाळीस वर्षं आत पाणी राहिलं तर हेडच्या पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातात आणि ब्लॉकमध्ये मागच्या बाजूला गाळ दगडासारखा बसतो.

यावर कोल्हापूरकराने मागवलेलं एका कार्यशाळेचं अंदाजपत्रक असं. १,८०० तास, तासाला ७० पौंड, म्हणजे १,२६,००० पौंड. त्यावर २० टक्के व्हॅट धरून १,५१,२००. सुटे भाग, इंजिन, क्रोम, चामडं, रंगाचं सामान मिळून ५५,०००. त्यात गाडीचे ४५,००० घाला. झाले २,५१,२००. आणि सगळं उत्तम जमून आलं तर अशा गाडीला किती मिळतील? त्याने स्वतःच जुने-नवे लिलाव चाळून काढलेला आकडा दीड लाखाचा. म्हणजे वाहतूक, विमा आणि "आता उघडलंच आहे तर हेही करून घेऊ" हे धरायच्या आधीच एक लाखाचा खड्डा. फ्लॅटचे ८० हजार त्या खड्ड्यातच जिरले, वर उरलेल्यासाठी घरावर कर्ज.

आपण आयटीवाले आहोत. अंदाजपत्रकात लिहिलेले तास आणि प्रत्यक्ष लागलेले तास यांचं नातं मी तुम्हाला काय सांगणार? पत्रा कापल्याशिवाय आतलं दिसत नाही, हे जुन्या गाडीचं आणि जुन्या सॉफ्टवेअरचं सारखंच.

हे काही एकट्या-दुकट्याचं दुखणं नाही. नव्वदीच्या दशकात निसानने अमेरिकेत स्वतःच्याच जुन्या २४०-झी गाड्या विकत घेऊन, नव्यासारख्या करून, डीलरकडून विकायची योजना काढली होती. किंमत साधारण २५ हजार डॉलर. दोनशे गाड्या करायच्या होत्या, पन्नासही झाल्या नाहीत. ज्या कंपनीने ती गाडी बनवली, जिच्याकडे नकाशे, भाग, डीलर सगळं होतं, तिलाही ते परवडलं नाही. दुसरीकडे २०१७ मध्ये जग्वारने स्वतः जुन्या ई-टाइप पूर्ववत करून विकायला काढल्या, त्यांची किंमत सुरू होत होती २,८५,००० पौंडांपासून. ही किंमत वेडेपणाची वाटते, पण वरचं अंदाजपत्रक पुन्हा वाचा. कंपनी लुटत नव्हती, तासांचे पैसे लावत होती.

"मग लोक वेडे आहेत का?" असं कोल्हापूरकराने विचारलं. "ते तळ्यातल्या बुगाटीला अडीच लाख कसे आले?"

प्रश्न रास्त होता. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवर माजोरे सरोवर आहे. त्यात १९२५ सालची एक बुगाटी टाइप २२ कित्येक दशकं ५० मीटरहून खोल पाण्यात पडून होती. जकात न भरल्याने ती अधिकाऱ्यांनी पाण्यात सोडली अशी कथा सांगतात. जुलै २००९ मध्ये पाणबुड्यांनी ती वर काढली आणि जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात ती २,६०,५०० युरोला गेली. एक बाजू गाळात रुतल्याने जरा टिकलेली, दुसरी बाजू म्हणजे गंजाची जाळी. अमेरिकेतले संग्राहक पीटर मलिन यांनी ती घेतली. आणि गंमत बघा, त्यांनी ती दुरुस्त केलीच नाही. कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डच्या त्यांच्या संग्रहालयात ती जशी वर आली तशीच ठेवली होती. (मलिन २०२३ मध्ये वारले आणि ते संग्रहालय फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झालं.)

तसंच फेरारीचं. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात १९५४ सालच्या एका ५०० मॉन्डियलचा लिलाव झाला. गाडी म्हणजे जळून चुरगळलेल्या पत्र्याचा ढीग, आपल्याकडच्या भंगारवाल्याने वजनावर घेतला असता. आले १८,७५,००० डॉलर. ती गाडी १९५४ मध्ये मिले मिलिया ही इटलीतली शर्यत धावलेली होती आणि तिचा चासी नंबर खरा होता. लोकांनी पत्रा विकत घेतला नाही, नंबर आणि इतिहास घेतला. त्या घेणाऱ्याने पुढे आणखी कितीही खर्च केला तरी शेवटी हाती येणारी वस्तू त्या खर्चाहून मोठी होऊ शकते, कारण तशी दुसरी करता येत नाही.

आणि हल्ली वारं तिकडेच चाललंय. पेबल बीचचा गाड्यांचा सोहळा म्हणजे या क्षेत्रातली पंढरी. तिथे वर्षानुवर्षं आरशासारख्या चकाकणाऱ्या, कारखान्यातून निघाल्या तेव्हाही इतक्या सुबक नसतील अशा गाड्या जिंकायच्या. २०२४ मध्ये पहिल्यांदाच एका न सजवलेल्या, जतन केलेल्या गाडीला सर्वोच्च मान मिळाला. ती १९३४ ची बुगाटी टाइप ५९, एके काळी बेल्जियमच्या राजाकडे असलेली, जुनाट विटक्या काळ्या रंगातच उभी होती. रंग पुन्हा कितीही वेळा देता येतो, मूळचा एकदाच असतो, हे आता पैसेवाल्यांनाही पटलंय.

मग कोल्हापूरकराची गाडी यात कुठे बसते? दुर्दैवाने कुठेच नाही. ती जतन करावी तर जतन करण्यासारखं काय आहे? विटक्या रंगाचं कौतुक करता येतं, विटलेल्या सिलचं नाही. बुगाटी काचेमागे ठेवता येते, पण ई-टाइप घ्यायची ती एम-५ वर चालवायला, आणि तिथे बायको-मुलीला घेऊन सत्तरने जायचं तर कणा मजबूत पाहिजे. आणि दुर्मिळ म्हणाल तर ती जग्वारच्या शर्यतीच्या ई-टाइपइतकी दुर्मिळ नाही.

त्या शर्यतीच्या गाड्यांचा किस्सा इथे सांगायलाच हवा. १९६३ मध्ये जग्वारने अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाच्या हलक्या ई-टाइप करायला घेतल्या. अठरा नंबर राखून ठेवले, गाड्या झाल्या बाराच. उरलेले सहा नंबर अर्धशतक वहीतच पडून होते. २०१४ मध्ये कंपनीने त्या सहा नंबरांच्या सहा गाड्या नव्याने बनवल्या. म्हणजे इकडे नंबर आहे पण गाडीच नव्हती, आणि आमच्या गोठ्यात गाडी आहे पण नंबराखालचं लोखंड जाण्याच्या वाटेवर. खरी कोणती म्हणायची?

हा नुसता तत्त्वज्ञानाचा प्रश्न नाही, भावाचा आहे. ई-टाइपचा चासी नंबर कोरलेला असतो पुढच्या सांगाड्यातल्या एका आडव्या चौकटीवर, आणि ती चौकट बोल्टने काढता येते! इंजिन, गिअरबॉक्स आणि टबचे नंबर वेगळे. चारही नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळले तर भाव चढतो. ही नोंद जग्वारच्या वारसा विभागाकडून दाखल्याच्या रूपात मिळते. कोल्हापूरकराने तो मागवला होता. इंजिन जुळत होतं, गिअरबॉक्स नाही, कधीतरी बदललेला. आता चौकटच गंजली म्हणून नवी बसवली आणि जुना नंबर तिच्यावर कोरला, तर कागदोपत्री गाडी तीच राहील. पण जाणकार गिऱ्हाईक अंगठ्याने तो नंबर चाचपून बघणारच. इथल्या वाहन खात्याचेही वर्षानुवर्षं गुण मोजायचे नियम होते. टबला पाच, सस्पेन्शन, स्टिअरिंग वगैरेंना दोन-दोन, इंजिनाला एकच, आणि आठ गुण भरले तरच मूळ नोंदणी राहणार. ऑगस्ट २०२५ मध्ये ते बदलले, आणि जुन्यासारखाच भाग घालून केलेल्या दुरुस्तीला आता बरीच मोकळीक आहे. सरकारने प्रश्न सोडला, गिऱ्हाइकाने सोडलेला नाही.

आम्ही तिथेच एका कागदावर यादी केली की काम पूर्ण झाल्यावर मूळचं काय उरेल. इंजिन. मागच्या सस्पेन्शनचा पिंजरा. दारं, दुरुस्त करून. काचा. डॅशबोर्डची घड्याळं. बल्कहेडचा वरचा भाग. स्टिअरिंग. आणि नंबर. कोल्हापूरकर बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता.

घरी आल्यावर चहा घेताना वहिनींनी मला सरळ विचारलं, "तुम्ही दोघं पाच तास तिथे होतात. आता मला एवढंच सांगा, हे गुंतवणूक म्हणून आहे की हौस म्हणून? हौस असेल तर हौसेचा आकडा सांगा. मी त्यावर बोलेन." मी इतक्या मिटिंगा केल्या, पण इतका स्वच्छ प्रश्न फार थोड्या वेळा ऐकला.

गुंतवणूक म्हणून ते मेलंच होतं. (एक खरं, की इथे खाजगी मोटारगाडी विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण नफा तर व्हायला हवा!) मग त्याने शेवटचा पत्ता काढला: "मी स्वतः करीन. उद्यमनगरात वाढलोय, वेल्डिंग मला शिकवू नका." त्यात तथ्य आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्री आणि लेथ यांच्या आवाजात लहानाचा मोठा झालेला माणूस आहे तो. मग तोही हिशेब केला. गाडी ४५, भाग ५५, रंग आणि जड पत्र्याचं काम बाहेरून, शिवाय हत्यारं, मिळून ३०. एकूण १ लाख ३० हजार. विकली तर दीड लाख. चक्क फायदा!

फक्त तास कुणाचे? व्यावसायिकाला १,८०० लागतात तर हौशी माणसाला दुप्पट धरा. दर शनिवारी-रविवारी मिळून आठ तास, वर्षाचे पंचेचाळीस आठवडे, म्हणजे ३६० तास. ३,६०० तासांना दहा वर्षं. आणि वीस हजारांचा फायदा ३,६०० तासांनी भागला तर तासाला साडेपाच पौंड, इथल्या किमान वेतनाच्या निम्म्याहूनही कमी. त्यांची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. ती बाजूच्या खोलीत पियानो वाजवत होती, आणि हा आकडा मी मोठ्याने वाचला तेव्हा वहिनी काहीच बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. ज्याला ती दहा वर्षं गॅरेजमध्ये घालवण्यातच आनंद आहे त्याने जरूर घालवावीत. तो गोल्फवाल्यापेक्षा वाईट नाही (गोल्फवाल्यांनी ह. घ्या.). पण गाडी *चालवायची* हौस असेल तर गंजलेली घेणं हा तिथे पोचायचा सगळ्यात लांबचा आणि महागडा रस्ता आहे. दुसऱ्या कुणीतरी अडीच लाख घालून पूर्ण केलेली, पावत्यांची जाडजूड फाइल आणि कामाचे फोटो असलेली गाडी दीड लाखात मिळते. सपाट पत्र्याचा हट्ट सोडला तर त्याहून बरीच स्वस्त. त्याचा तोटा त्याच्यापाशी, रस्ता आपल्याला.

यावर एक आक्षेप कोल्हापूरकरानेच घेतला आणि तो मला अजून छळतोय. "सगळ्यांनीच असा हिशेब केला तर या गाड्या वाचवणार कोण? आज ज्या पळतात त्या कुणीतरी आतबट्ट्याचा व्यवहार केला म्हणूनच ना?" अगदी खरं. पण मला वाटतं, ई-टाइपची काळजी करायचं कारण नाही. तिच्यावर जीव टाकणारे जगभर आहेत, आणि हीच गाडी पंधरा हजाराला निघाली तर उद्या पाच जण रांगेत उभे राहतील. काळजी करायची तर ज्या दुर्मिळ आहेत पण कुणालाच नको आहेत त्यांची. बंगळूरची सिपानी डॉल्फिन आठवते का कुणाला? ऐंशीच्या दशकातली, फायबरच्या अंगाची, इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून घेतलेली. अशी एखादी पूर्ववत करायला निघालात तर सुटे भाग नाहीत, कारागीर नाही, आणि झाल्यावर गिऱ्हाईकही नाही. ती वाचली तर निव्वळ प्रेमाने वाचेल. तिथे मी हिशेबाची वही उघडायला सांगणार नाही.

आणि सगळ्यात स्वस्त जतन कोणतं ते कोल्हापूरकराला मी सांगायला नको होतं, त्याच्या गावातच आहे. छत्रपती घराण्याची मेबॅक दरवर्षी दसऱ्याला सोनं लुटायच्या सोहळ्यासाठी दसरा चौकात येते. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्याने ती पाहिलेली. वर्षातून एकदा का होईना, ती स्वतःच्या चाकांवर चारचौघांत यायची म्हणून तिच्याकडे कुणाचं तरी वर्षभर लक्ष असतं. गोठ्यातल्या ई-टाइपला चाळीस वर्षांत एक दसरा मिळाला नाही.

तर सध्याची स्थिती. वहिनींनी हौसेचा आकडा मंजूर केलाय, तो मला माहीत आहे पण इथे सांगायची परवानगी नाही. फ्लॅटचे बरेचसे पैसे कर्जात गेले. शेतकऱ्याला कोल्हापूरकराने "इंजिन आणि मागचा भाग धरून अठरा हजार" असं कळवलं, त्यावर फोन आदळल्याचा आवाज आला. येत्या शनिवारी आम्ही वूस्टरजवळ एक १९६६ ची ४.२ लिटरची कूपे बघायला जातोय. पूर्ण केलेली, फाइलसकट, मालक सत्तरी ओलांडलेले आहेत आणि आता त्यांना बसता-उठता त्रास होतो म्हणून विकतायत. लोहचुंबक घेतलाय. मुलगीही येणार म्हणते, पण ई-टाइप कूपेत जागा दोनच, तेव्हा चक्कर मारायची वेळ आली की मी बाहेर उभा.

आपल्यापैकी कुणी अशी गाडी स्वतः उभी केली असेल, विशेषतः ओहायो-मिशिगनकडच्या मंडळींपैकी, तर खरे आकडे कळवा. तासांसकट. घरच्यांना दाखवलेले आकडे नकोत.